रात्रीची गस्त आणि पकडलेला मुलगा

प्रश्न (सिडको, नाशिक): दुचाकींतील पेट्रोल चोरीला जाऊ लागल्याने गल्लीतील तरुणांनी काठ्या घेऊन गस्त सुरू केली असून परवा त्यांनी पंधरा वर्षांच्या मुलाला विजेच्या खांबाला बांधले. हे कायद्यात बसते का?

उत्तर (वकील, पंचवटी): नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 नुसार डोळ्यांदेखत दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) व अजामीनपात्र (ज्यात जामीन हक्काने मिळत नाही) गुन्हा करणाऱ्याला किंवा घोषित गुन्हेगारालाच (न्यायालयाने फरार म्हणून जाहीर केलेल्याला) नागरिक पकडू शकतो, आणि 6 तासांच्या आत त्याला पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. बाटलीभर पेट्रोलची पहिली चोरी, किंमत 5,000 रुपयांखाली असल्याने, त्यात बसणे कठीणच. मारहाण झाली, तर आरोपी तुमचीच मुले.

उत्तर (शिक्षिका, सातपूर): बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार अशा मुलाला पोलीस कोठडीतही ठेवता येत नाही. आम्ही काठ्यांऐवजी शिट्ट्या घेतल्या. संशय आला की 112.

प्रश्नकर्ता: दोरी अजून खांबालाच आहे. आज सोडवतो.