मदत हवी आहे: व्हॅनच्या लोअर आर्मचे बुश आठ महिन्यांत पुन्हा गेले

मंडळी, डोकं चालेनासं झालंय.

घरची सात सीटर व्हॅन, १,४०,००० किलोमीटर झालेली. गेल्या वर्षी गतिरोधकावरून उतरताना पुढून 'धप्प' आवाज यायला लागला आणि जोरात ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची. एका गॅरेजमध्ये दोन्ही लोअर आर्मचे (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारे खालचे दांडे) बुश, म्हणजे त्यांच्या सांध्यातले नळी-रबराचे तुकडे, प्रेसने काढून नवे बसवून घेतले, अलाइनमेंटही केली. गाडी लोण्यासारखी चालायला लागली. त्यानंतर जेमतेम ९,००० किलोमीटर झालेत आणि तोच 'धप्प' परत.

काल बायकोला स्टिअरिंगवर बसवलं, रिव्हर्स-पहिला-रिव्हर्स करत दर वेळी ब्रेक मारायला सांगितलं आणि मी बाजूला उकिडवा बसलो. डावं चाक मडगार्डमध्ये चांगलं अर्धं बोट मागेपुढे होतंय. मग गाडी स्टँडवर घेऊन चाक काढलं. पुढच्या बुशचं रबर मधल्या नळीपासून चंद्रकोरीसारखं सुटलेलं. गंमत म्हणजे आर्म लटकता असताना फाट जवळजवळ मिटते, टॉमी (लोखंडी पहार) घालून दाबल्याशिवाय दिसतही नाही. गाडी जमिनीवर टेकवून खाली वाकून पाहिलं, तर तीच फाट आ वासून बसलेली!

पार्ट डुप्लिकेट मिळाला असेल का? की रबराऐवजी पॉलियुरेथेनचे (कडक प्लास्टिकसारखे, 'पॉली') टाकावेत? की बुशचा नाद सोडून अख्खा आर्मच बदलू? गॅरेजवाला म्हणतो, "माल तसाच येतो हल्ली."

घाईतला पान्हा: पॉली टाका, पुन्हा बघायला नको.

ग्रीसचे हात: थांबा, पॉलीचं नंतर बघू. तुम्ही गंमत म्हणून जे लिहिलंय ना, तिथेच उत्तर आहे. लटकत्या आर्मला फाट मिटते, म्हणजे त्या रबराला लटकतीच स्थिती 'आरामाची' वाटतेय. बोल्ट गाडी हवेत असताना आवळलाय, असा माझा दाट संशय.

बुश म्हणजे बेअरिंग नव्हे. बाहेरची नळी आर्ममध्ये ठोकून घट्ट बसलेली, आतली नळी बोल्ट आवळला की ब्रॅकेटच्या दोन कानांत चिमटली जाते. दोन्ही जागच्या हलत नाहीत. आर्म वरखाली होतो तो मधलं रबर पिळून. त्यामुळे ज्या स्थितीत बोल्ट आवळाल तीच रबराची सरळ स्थिती. चाक लटकतं ठेवून आवळलं, तर गाडी नुसती उभी असतानाही रबर पिळलेलं राहतं आणि प्रत्येक खड्ड्यात त्यावर आणखी पीळ. नवा कोरा, कंपनीचा बुशही असा टिकत नाही.

म्हणून गाडी उचलण्याआधी, सपाट जागेवर, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. बुश बसवल्यावर बोल्ट फक्त हाताने लावा. मग गाडी रॅम्पवर चढवा. रॅम्प नसेल तर बॉल जॉइंटच्या (आर्म चाकाकडे जोडणारा गोळ्याचा सांधा) जवळ आर्मखाली जॅक लावून तेच अंतर येईपर्यंत उचला, पण गाडी स्टँडवरून उठत नाही ना याकडे लक्ष ठेवा. शेवटचा टॉर्क (आवळण्याचा जोर) त्याच स्थितीत, आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला. काही गाड्यांत हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, तेही तिथेच बघा.

पॉलीमध्ये नळी बहुधा आत मोकळी फिरते, म्हणून पिळाचा प्रश्न येत नाही हे खरं. पण सिलिकॉन ग्रीस सुकलं की करकर सुरू होते आणि रस्त्याची थरथर जास्त आत येते. घरच्या गाडीत मी तरी टाकणार नाही. बॉल जॉइंटचं रबरी बूट (आवरण) फाटलं असेल तर मात्र अख्खा आर्म घ्या. आवळायचा नियम त्यालाही हाच.

काळं बोट: वरच्याशी सहमत. दोनच गोष्टी. बुशच्या रबरात पोकळ्या असतील तर त्यांची दिशा जुन्याप्रमाणेच ठेवा, काढण्याआधी फोटो घ्या. आणि करकर थांबावी म्हणून कुणी रबरावर डिझेल किंवा इंजिन ऑइल मारायला लागला तर त्याचा हात धरा, रबर फुगून मऊ पडतं. बसवताना साबणाचं पाणी पुरतं.

धागाकर्ता: आज पडताळून पाहिलं. उजवा बुश अजून फाटलेला नाही, म्हणून प्रयोग त्याच्यावर केला. गाडी रॅम्पवर चढवली, आतल्या नळीच्या कडेवरून ब्रॅकेटवर खडूची एक सरळ रेघ मारली आणि बोल्ट सैल केला. अर्धा फेरा झाला नसेल, 'टक्क' आवाज आला आणि नळी आपोआप फिरली. रेघ दोन-तीन मिलीमीटरने तुटली. ग्रीसचे हात, तुमचा संशय खरा निघाला!

बोल्ट तिथेच पुन्हा आवळलाय. डावा तर बदलतोच. उजवा ठेवू का?

ग्रीसचे हात: आठ महिने पीळ खाल्लाय त्याने, आतून किती सुटलाय ते बाहेरून कळणार नाही. अलाइनमेंट तशीही परत करावी लागणार. एकाच वेळी दोन्ही बदला. आणि या वेळी गॅरेजात आवळताना समोर उभे राहा.