मदत हवी आहे: नववी इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लावली की आरसीसीबी पडते

औषधगाडी:
पुण्यात धायरीच्या गोदामातून औषधं पोचवायला १२ पेट्रोल स्कूटर होत्या. त्यांतल्या ९ बदलून इलेक्ट्रिक घेतल्या आहेत. बॅटरी ३ युनिटची, चार्जर ८५० वॅट खेचतो. जोडणी सिंगल फेज, मेन एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) ४० अँपिअर, त्यापुढे सगळ्यांना मिळून ३० मिलिअँपिअरची एकच आरसीसीबी (अर्थिंगकडे वीज गळली की पडणारा स्विच). आठ गाड्यांपर्यंत ठीक, नववी लावली की आरसीसीबी पडते. एमसीबी पडत नाही. चार्जर अदलाबदल करून पाहिले, कुठलाही नववा लावला तरी तेच. वायरमन म्हणतोय, १०० मिलिअँपिअरची टाकू. टाकावी का? उरलेल्या तीनही बदलायच्या आहेत. रोजची धाव सरासरी ६० किमी, कधी ८०.

थ्रीफेज:
१०० ची कृपया टाकू नका. शॉक लागल्यावर माणूस वाचतो तो ३० च्या आरसीसीबीमुळे.

चार्जर चांगले आहेत, बेरीज नडतेय. प्रत्येक चार्जरच्या फिल्टरमधून २-३ मिलिअँपिअर कायम अर्थिंगला जातात, आणि ३० ची आरसीसीबी १५ ते ३० मध्ये कुठेही पडू शकते. म्हणून तीन-तीन सॉकेटमागे वेगळी आरसीसीबी द्या, टाइप ए. टाइप एसी स्वस्त मिळते, पण चार्जरमधून गळणारा डीसी अंश तिला नीट कळत नाही. प्रत्येक गटाचा न्यूट्रल (परतीची वायर) त्याच्याच आरसीसीबीतून न्या. दोन गटांचे न्यूट्रल कुठे जोडले गेले तर विनाकारण पडत राहील.

सॉकेट १६ अँपिअरचं, प्रत्येकाला स्वतःची एमसीबी, तांब्याची २.५ चौरस मिमी वायर. एक्स्टेन्शन बोर्ड एकही नको. चार-चार तास सलग भार असतो, सैल पिन तापून बोर्ड वितळतो.

बारा गाड्या एकदम म्हणजे १०.२ किलोवॅट, सिंगल फेजवर ४४ अँपिअर. तेव्हा तुमची ४० ची एमसीबीही पडू शकते. महावितरणकडे थ्री फेजचा अर्ज करा, दर फेजला चार गाड्या ठेवा. न्यूट्रल फेजइतक्याच जाडीचा घ्या आणि त्याचे स्क्रू नियमित आवळून घ्या. तो सुटला तर एखाद्या फेजवर व्होल्टेज चढून चार्जर जळतात.

घाटवाट:
मला वायरिंगपेक्षा ८० किमीची काळजी वाटते. सामान घेऊन, थांबत-थांबत जाताना किमीला ३५ वॉट-तास धरा: ८० किमीला २.८ युनिट. ३ च्या बॅटरीत शिल्लक फारसं काही उरत नाही, आणि बॅटरी जुनी होऊन क्षमता ८० टक्क्यांवर आली की ६८ किमीतच गाडी बंद. कात्रजचा चढ असेल तर त्याहून आधी. मार्ग सरासरीवर ठरवू नका, सर्वांत लांब दिवसावर ठरवा. लांबच्या मार्गांवर तूर्त पेट्रोल राहू द्या, किंवा दुपारी तासभर चार्जिंग द्या; त्यात साधारण २० किमी मिळतात. उन्हातून आलेली गाडी मात्र अर्धा तास सावलीत ठेवून मग लावा. सेल ४५ अंशांच्या वर असतील तर बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) चार्जिंग रोखते आणि गाडी चालवणाऱ्या मुलांना वाटतं चार्जर बिघडला.

औषधगाडी:
थ्री फेज मिळेपर्यंत काय करू?

थ्रीफेज:
आरसीसीबीचे गट आजच करून घ्या. आणि दोन पाळ्या लावा: ६० किमीला भिंतीवरून अडीच युनिट लागतात, म्हणजे गाडीला तीन तास. रात्री १० ला पाच गाड्या लावा, २ ला चार. प्लग बदलायला कुणी नसेल तर दुसऱ्या गटाला टायमर आणि कॉन्टॅक्टर (टायमरच्या इशाऱ्यावर मोठा भार चालू-बंद करणारा स्विच) बसवा.