पाणी हे 'मूलद्रव्य' कसं? (थेलीस, आर्खे आणि मराठी प्रतिशब्द)

अनुवादवेल्हाळ :
मिलेटस या प्राचीन ग्रीक नगरातल्या थेलीस या तत्त्वज्ञावरचा एक छोटा मजकूर शाळकरी मुलांसाठी मराठीत करते आहे. मी लिहिलं, 'थेलीसच्या मते पाणी हे विश्वाचं मूलद्रव्य आहे.' खर्डा दहावीतल्या भाचीला वाचायला दिला, तर पहिल्याच ओळीला तिने अडवलं. "मावशी, पाणी संयुग आहे. मूलद्रव्य हायड्रोजन आणि ऑक्सिजन."
तिचं बरोबरच आहे. पण इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातल्या माणसाला रसायनशास्त्रातलं काही म्हणायचं नव्हतं. ग्रीक शब्द आहे 'आर्खे'. 'मूलतत्त्व' लिहिलं तर मुलांना तत्त्वाला जागणारा माणूस आठवतो. आदिकारण, आदिद्रव्य? तुम्ही काय वापराल?

खडूफळा :
मूलतत्त्व. सांख्यांची पंचवीस तत्त्वं आहेत, तिथे कोणी तत्त्वाला जागत नाही. एका शब्दाचे दोन अर्थ मुलांना झेपतात, आपणच उगाच घाबरतो. 'मूलद्रव्य' मात्र रसायनशास्त्राने कायमचं नेलं.

उंबरातळी :
'मूल' लावून अर्धाच अर्थ येतो. आर्खे म्हणजे आरंभ, तशीच सत्ताही. अथेन्सच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला 'आर्खोन' म्हणत, आणि 'मोनार्की'मध्येही हाच धातू आहे. आपण 'मूळ' म्हणतो तेव्हा त्यात राज्य चालवणं येत नाही. मी 'अधिष्ठान' सुचवेन. पृथ्वी पाण्यावर तरंगते असं थेलीसचं मत ॲरिस्टॉटलने नोंदवलं आहे, म्हणजे थेलीसपुरतं तरी पाणी अक्षरशः अधिष्ठान आहे.

खडूफळा :
अधिष्ठान म्हटलं की वेदान्त आला. मुलगी विचारेल, थेलीस पाण्याला ब्रह्म मानत होता का?

पोथीवाचक :
विचारू दे की, चांगला प्रश्न आहे. तैत्तिरीय उपनिषदात वरुण भृगूला सांगतो : ज्यातून ही भूतं, म्हणजे सगळे जीव, जन्मतात, जन्मल्यावर ज्याच्या आधारे जगतात आणि शेवटी ज्यात शिरतात, ते जाणून घे. आता ॲरिस्टॉटल या जुन्या मंडळींच्या आर्खेचं वर्णन कसं करतो पाहा : ज्याच्या सगळ्या वस्तू बनल्या आहेत, ज्यातून त्या प्रथम येतात आणि ज्यात अखेर विरतात. मी हे पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवून वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे सरकू शकलो नव्हतो. कोणी कोणाकडून घेतलं असं मी म्हणत नाही.
आणखी एक. थेलीसचं लिखाण आपल्यापर्यंत आलेलंच नाही. त्याच्या संदर्भात 'आर्खे' हा शब्द येतो तो ॲरिस्टॉटलकडून, जवळजवळ दोनशे वर्षांनी. मग नाम कशाला शोधता? क्रियापदाने भागवा : 'सगळं पाण्यातून झालं आणि पाण्यातच जातं.'

अनुवादवेल्हाळ :
हे मनापासून आवडलं, पण पुढच्याच परिच्छेदात अडतं. ॲनॅक्सिमँडर म्हणतो पाणी नव्हे, 'आपेइरॉन', म्हणजे ज्याला सीमाच नाही असं काहीतरी. ॲनॅक्सिमेनीस म्हणतो हवा. तिघंही मिलेटसचेच, आणि वाद एकाच गोष्टीवर आहे. त्या गोष्टीला नाव नको का? 'मूळ' राखून ठेवावं लागेल, कारण एम्पेडोक्लीस पृथ्वी, पाणी, हवा आणि अग्नी यांना सरळ 'मुळं'च म्हणतो, झाडाची असतात तशी.

सायंतारा :
'आर्खे'च ठेवा आणि एकदा अर्थ सांगा. ग्रीक शब्दांचं आपल्याला वावडं कधी होतं? 'केंद्र' हा ग्रीक 'केंत्रॉन'. 'दाम' हा द्राख्मे या ग्रीक नाण्याचा द्रम्म होऊन आलेला. पत्रिकेतला 'होरा'सुद्धा त्यांचाच.

पोथीवाचक :
होरा ग्रीक नाही! 'अहोरात्र'मधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर गळून होरा उरतो. वराहमिहिराने लिहून ठेवलं आहे.

सायंतारा :
त्याने 'एके' म्हटलं आहे, म्हणजे काहींचं असं मत. त्याच अध्यायात राशींना क्रिय, तावुरि, जितुम अशी नावं येतात. ती क्रिओस, टाउरोस, दिदुमोइ नव्हेत तर काय? परका शब्द घरचा दिसावा म्हणून त्याला व्युत्पत्ती शिवणं तेव्हाही चालायचं. त्यात शब्दाचा अपमान नाही, उलट माया आहे.

पोथीवाचक :
राशींचं मान्य. होऱ्याचं नाही.

राजवाडा ते पुणे :
वेगळा मुद्दा, पण मजकुरात पुढे डेमोक्रिटस, म्हणजे सगळं अणूंचं बनलंय म्हणणारा ग्रीक, येणार असेल तर आधीच सांगते. मी इंदूरची, घरी मराठी, शाळा हिंदी. तिथे ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. अकरावीला पुण्यात आले, इथे ॲटम अणू आणि मॉलिक्यूल रेणू. पहिल्या चाचणीत माझी सगळी उत्तरं एक पायरी घसरली होती. कणादाचा शब्द 'परमाणु' आहे. डेमोक्रिटसच्या 'आतोमोस'चा अर्थ 'कापता न येणारा', सगळ्यात शेवटचा. मग त्याला नुसतं 'अणू' का?

खडूफळा :
कारण अणुबॉम्ब, अणुऊर्जा, अणुशक्तीनगर. मराठीत हा निकाल लागून गेला. अर्थच हवा तर 'अच्छेद्य' म्हणा.

उंबरातळी :
अच्छेद्य म्हटलं की गीतेतला आत्मा. डेमोक्रिटसचा तर आत्मासुद्धा अणूंचाच.

पोथीवाचक :
आणि ते आत्म्याचे अणू कसे? खिडकीतून येणाऱ्या उन्हात धूळ नाचते ना, तसे, असं ॲरिस्टॉटल सांगतो. आपल्याकडे त्याच उन्हातल्या कणाला 'त्रसरेणू' म्हणतात. त्यामुळे 'रेणू'ला नावं ठेवू नका.

राजवाडा ते पुणे :
रेणूला नाही ठेवत. 'अणू'चं उत्तर मात्र अजून मिळालेलं नाही.

अनुवादवेल्हाळ :
मंडळी, मजकूर सोमवारी द्यायचा आहे. तूर्त 'आदितत्त्व' लिहिलं आहे. भाचीला रात्री पुन्हा वाचायला देते.