मदत हवी आहे: माळकरी आईला रामेनच्या दुकानात जेवायला कसं न्यावं?

नमस्कार मंडळी,

थोडं सविस्तर लिहिते. सगळं कळल्याशिवाय सल्ला देणं अवघड आहे.

मी सहा वर्षं टोकियोत आहे, एदोगावा भागात राहते. दिवाळी झाली की आई-बाबा कोल्हापूरहून तीन आठवड्यांसाठी येतायत, पहिल्यांदाच. माझे घरमालक आणि मालकीणबाई सत्तरीच्या पुढचे आहेत. करोनात मी एकटी तापाने पडले होते, तेव्हा काकू (मनात मी त्यांना काकूच म्हणते) रोज संध्याकाळी दाराच्या मुठीला पिशवी अडकवून जायच्या. कधी ओनिगिरी, कधी संत्री, वर चिठ्ठी. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती रडली होती. "त्या बाईंना मला एकदा भेटायचंय" हे तेव्हापासून चाललंय.

आता त्या दोघांनी आई-बाबांना जेवायला बोलावलंय, ते त्यांच्या मुलाच्या दुकानात. दुपारी रामेन (सूपमधल्या नूडल्स) आणि संध्याकाळी इझाकाया (दारूबरोबर छोट्या ताटल्या वाटून खायचं ठिकाण), असं हल्लीच्या पद्धतीचं दुकान आहे. सिमेंटच्या उघड्या भिंती, लांब लाकडी काउंटर, त्याच्यामागेच सूपची मोठी पातेली, साके वाइनच्या ग्लासात. मुलाने स्वतःच्या हिमतीवर उभं केलंय आणि काका-काकूंना त्याचा फार अभिमान आहे. दुसरीकडे कुठे भेटू या, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अडचण अशी की आई माळकरी आहे. बावीस वर्षं झाली माळ घालून. मांस-मच्छी नाही, अंडंही नाही. कार्तिकीला तिचा चातुर्मास सुटतो आणि जेवण त्यानंतरचं आहे, त्यामुळे कांदा-लसणाचा प्रश्न नाही. बाबा रविवारी मटण खाणारे, पण त्यांची पातेली वेगळी आणि चूलही मागच्या अंगणात. डुक्कर आणि गाय त्यांनाही चालत नाही.

बाबांचं जमेल असं वाटतं. या दुकानाचं सूप तोरी पाइतान आहे, म्हणजे कोंबडीची हाडं तासन्‌तास खळखळ उकळून केलेलं दाट पांढरं सूप. बाबांना मी "पांढऱ्या रश्श्याचा जपानी भाऊ" असं सांगून ठेवलंय. फक्त वरचे चाशूचे काप डुकराचे असतात, ते काढायला सांगायचे.

आईचं काय करू? दाशी, म्हणजे बहुधा सुक्या माशाचा अर्क उतरवलेलं पाणी, जवळजवळ सगळ्यात असते. टोफूवर कात्सुओबुशी (सुकवलेल्या माशाचा कीस), आमटीसारख्या मिसो सूपमध्ये तीच, वांग्यावरच्या रसातही तीच. इथे "भाज्यांचं आहे" म्हणताना माशाचा अर्क मांसाहारात धरत नाहीत. कुणी माळकरी किंवा कडक शाकाहारी माणसांना इझाकायात नेलंय का? काय मागवलंत? आणि यजमानांना आधी कसं सांगितलंत? सांगताना त्यांना ओशाळं वाटू नये, याची मला जास्त काळजी आहे.

---

प्रतिसाद (ओसाकाहून)

ताई, पहिली गोष्ट म्हणजे आधी सांगा, किमान चार-पाच दिवस. आयत्या वेळी सांगितलंत तर ते माफी मागत बसतील आणि आईंसमोर फक्त एदामामे (सोयाबीनच्या हिरव्या शेंगा) येईल. आधी कळलं की जपानी माणूस मनापासून तयारी करतो. "बेजितारियन" हा शब्द वापरूच नका, प्रत्येकाचा त्याचा अर्थ वेगळा. सरळ वाक्य सांगा: "हाहा वा निकु मो साकाना मो तामागो मो ताबेमासेन. कात्सुओ नो दाशि मो ताबेमासेन. कोम्बु नो दाशि वा दाइजोबु देस." म्हणजे, आई मांस, मासे, अंडी खात नाही, कात्सुओची (माशाची) दाशीही नाही, कोम्बूची (समुद्री शेवाळाची) चालते. शेवटचं वाक्य विसरू नका. काय चालत नाही याच्याबरोबर काय चालतं ते सांगितलं की स्वयंपाक करणाऱ्याला धरायला काहीतरी मिळतं.

ओतोशीबद्दलही बोलून ठेवा. बसल्याबसल्या न मागवता जी छोटी वाटी येते ती (आमच्याकडे तिला त्सुकिदाशी म्हणतात). माणशी तीनशे ते पाचशे येन लावतात आणि बऱ्याचदा त्यात मासाच असतो. आईंसमोर आलेली पहिलीच वाटी परत करावी लागली तर सगळ्यांनाच अवघड होईल.

---

प्रतिसाद

एवढा विचार करू नका. दाशी म्हणजे पाणीच हो, मासा कुठे दिसतो त्यात? आईंना सांगूच नका. परदेशात थोडं चालतं.

---

धागाकर्ती

तुम्ही मला हलकं वाटावं म्हणून लिहिलंत हे समजतंय, पण हे मला जमणार नाही. आईला इथलं एक अक्षर वाचता येणार नाही. ती प्रत्येक घासाआधी माझ्याकडे बघून "हे चालेल ना गं?" असं विचारणार आणि मी हो म्हटलं की डोळे मिटून खाणार. बावीस वर्षांचं तिचं व्रत त्या एका संध्याकाळी माझ्या हातात असेल. तिला कधी कळलं नाही तरी मला माहीत असेलच.

---

प्रतिसाद (फुकुओकातला माजी विद्यार्थी)

मी दोन वर्षं इझाकायाच्या स्वयंपाकघरात भांडी घासण्यापासून तळण्यापर्यंत सगळी कामं केली आहेत. मेनूकार्डावर लिहिलेलं नसतं ते सांगतो.

तेल एकच असतं. भाज्यांचं तेम्पुरा दिसायला शाकाहारी, पण त्याच तेलात आधी काराआगे म्हणजे चिकन तळलेलं असतं आणि पिठात बहुतेक वेळा अंडंही. बटाट्याच्या काचऱ्याही त्यातच. तेव्हा आईंसाठी तळलेलं नकोच. जाळीचंही तसंच, याकितोरी (काडीला लावून भाजलेलं चिकन) आणि भाज्या एकाच जाळीवर. वेगळ्या तव्यावर भाजून मिळेल का ते विचारा.

पोटॅटो सॅलडमध्ये हॅम असतं, शिवाय मेयोनेजमध्ये अंडं. गार टोफू (हियायाक्को) चांगला, पण "कात्सुओबुशी नाशि दे" (कात्सुओबुशी नको) हे सांगावंच लागतं. हातांना सवय असते, टोफू ताटलीत पडला की चिमूटभर वर जातेच. मीही दोनदा अशी चूक केली आहे. एकदा पडली की वरून काढून देऊ नका, दुसरी ताटली मागा.

मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) विकत आणलेला असेल तर पाकिटावर "दाशी-इरी" आहे का ते मुलाला बघायला सांगा, म्हणजे दाशी आधीच मिसळलेली. साधा सोया सॉस चालेल. मेनत्सुयु (नूडल्सबरोबरचा तयार रस) नको, त्यात बहुतेक वेळा कात्सुओ असतो. पोंझू म्हणजे आंबट सॉस, त्याचंही पाकीट वाचून घ्यावं.

रामेनबद्दल: वाडग्यात तळाशी तारे, म्हणजे खारट अर्क. त्यावर सूप, मग सुगंधी तेल, मग नूडल्स. सूप बदललं म्हणजे झालं असं आपल्याला वाटतं, पण तारेत बऱ्याचदा सुके मासे असतात आणि सुगंधी तेल चिकनच्या चरबीचं असू शकतं. नूडल्समध्ये मैदा, मीठ, पाणी आणि कानसुई नावाचा क्षार असतो, त्यानेच पिवळसर रंग येतो. काही ठिकाणी अंडंही घालतात. हे चारही विचारा. मुलगा स्वतः सूप करत असेल तर त्याला असले प्रश्न आवडतील. रामेनवाल्याला त्याच्या तारेबद्दल कुणी विचारत नाही.

---

प्रतिसाद (पुण्याहून, मुलगा योकोहामात)

माझा मुलगा तिकडे असतो, मी दोनदा जाऊन आले. जेवणाइतकाच उष्ट्याचा विचार करून ठेवा. इझाकायात सगळं मधे ठेवून वाटून खातात. आईंना ते जड जाईल, मला गेलं. छोट्या ताटल्या आणि वाढायच्या वेगळ्या काड्या मिळतात, तोरीबाशी म्हणतात. आईंच्या ताटल्या वेगळ्याच आल्या तर उत्तम. काडीने काडीला घास द्यायचा नाही हे दोघांनाही सांगा, तिथे अंत्यविधीत अस्थी तशा उचलतात. भातात काड्या उभ्या खोचणंही तसंच अशुभ.

बाबांचे गुडघे कसे आहेत? जमिनीवरची बैठक असेल तर होरीगोतात्सु आहे का विचारा, खाली पाय सोडायला खड्डा असतो. आणि बाबांना सांगा, पुरे झालं की ग्लास भरलेलाच राहू द्यावा. रिकामा दिसला की कुणीतरी भरतंच.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. काल काकूंकडे जाऊन बसले. आईची माळ, वारी, एकादशी, जमेल तसं जपानीत सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या आजी देवळात शोजिन र्योरी, म्हणजे बौद्ध शाकाहारी स्वयंपाक, करायच्या. त्यात मांस-मासा नाहीच, कांदा-लसूणही नाही, दाशी कोम्बू आणि सुक्या शिताके मशरूमची. मी इतके दिवस उगाच घाबरत होते. मुलाला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. वरच्या दादांनी दिलेले चारही प्रश्न मी विचारले, तारेचं विचारल्यावर तो पंधरा मिनिटं बोलत होता.

---

धागाकर्ती (नंतरची भर)

काल जेवण झालं. ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांच्यासाठी सांगतेय.

कोम्बू आणि शिताके रात्रभर गार पाण्यात भिजवून त्याने आईसाठी वेगळ्या पातेल्यात सूप केलं होतं. त्यात साधा मिसो, वाटलेले तीळ आणि सोयाचं दूध. नूडल्स बिनअंड्याच्या. वर मका, पातीचा कांदा, मेन्मा म्हणजे बांबूचे कोंब, आणि वेगळ्या तव्यावर भाजलेली कमळकाकडी. आधी पातेलं आणून आईला दाखवलं, मग कोम्बूची ओली पट्टी हातात दिली. आईने ती वास घेऊन बघितली, माझ्याकडे बघितलं, मी हो म्हटलं.

बाबांचं सूप कोंबडीचं, आईचं तिळाचं, पण शेजारी ठेवलेले दोन्ही वाडगे सारखेच पांढरे. बाबा म्हणाले, "बावीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्या ताटात पांढरा रस्सा बघतोय." नंतर दोघांनी भुरके मारले. इथे आवाज करून खाल्लेलं चालतं हे आईला पटायला वेळ लागला. काकांनी स्वतः मोठा भुरका मारून दाखवला तेव्हा पटलं.

ओतोशीत तीळ लावलेली काकडी आली, सगळ्यांना तीच. आईने उलाँग चहाच्या ग्लासने कंपाई (चिअर्स) केलं. निघताना काकूंचे दोन्ही हात धरून ती मराठीतच बोलत राहिली आणि काकू जपानीत. मी मध्ये पडून भाषांतर केलं नाही.

आता पुढच्या शनिवारी आईने त्या तिघांना घरी बोलावलंय. पुरणपोळी आणि कटाची आमटी ठरली आहे, हरभऱ्याची डाळ निशी-कासाईतून आणली. आई म्हणते आमटीत मसाला घातल्याशिवाय तिला चव नाही, आणि तो आहे आमचा कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला. सत्तरीच्या जपानी माणसांना तो कितपत झेपेल? कुणी खाऊ घातलंय का?