मदत हवी आहे: पायवाटांच्या आराखड्यासाठी लोकांचं म्हणणं कसं गोळा करायचं?
मंडळी, शहरातल्या पायवाटा आणि सायकलवाटा एकमेकींना जोडायचा आराखडा होतोय. नागरिकांची मतं गोळा करायचं काम आमच्या गटाकडे आहे. ऑनलाइन फॉर्म फिरवला. उत्तरं आली, पण बहुतेक सायकलवाल्यांची आणि सकाळी पळणाऱ्यांची. काठी टेकत चालणारे, शाळेत पायी जाणारी मुलं, व्हीलचेअरवाले यांचा पत्ताच नाही. फिटनेस ॲपच्या नकाशांचंही तेच: जो ॲप लावून पळतो, त्याचीच वाट उमटते.

शिवाय ‘वाटा हव्यात का?’ विचारलं की सगळेच हो म्हणतात. उपयोग शून्य. म्हणून आता मोठा छापील नकाशा घेऊन वाटेवरच उभं राहायचं म्हणतोय. कुठे अडतं, कुठे अंधार, रस्ता कुठे ओलांडता येत नाही, तिथे टिकली चिकटवा. (गवत तुडवून लोकांनी स्वतःच पाडलेल्या वाटाही टिपणार, त्या फॉर्मपेक्षा खरं बोलतात.)

असं कुणी केलंय का? १:२० पेक्षा (म्हणजे २० मीटर अंतरात १ मीटर उंची) तीव्र चढ व्हीलचेअरला जड जातो, पण नकाशावर तो सामान्य माणसाला कळेल असा कसा दाखवायचा? आणि घरामागून वाट नको म्हणणाऱ्यांशी आधी वेगळं बोलावं, की सगळ्यांसोबतच?