केळीच्या टीआर-४ साठी बाहेरच्या देशांसोबत संशोधन करायचं का?

रावेरचा_केळीवाला: काल पारावर यावरूनच वाजलं म्हणून इथे टाकतो भो. टीआर-४ मर रोगावर औषध नाही, बुरशी एकदा मातीत बसली की कित्येक वर्षं हलत नाही, बिहार-यूपीत ती आलेलीच आहे. आपल्याकडे जिकडे तिकडे टिश्यू कल्चरची ग्रँड नैन जात, सगळी झाडं एकाच मुशीतली, एक बसलं की बाग बसली. तिकडे ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये टीआर-४ ला तोंड देणाऱ्या क्यूकॅव्ह-४ या केळीच्या वाणाला परवानगी दिली, जंगली केळीतला एक जीन घातलाय म्हणे. मग भारत, चीन, ऑस्ट्रेलिया, युरोपने एकत्र बसावं ना, आपणही पैसा घालावा.

धुळेकर_मास्तर: घाला पैसा! ऑक्टोबर २०२० ला आपण अन् दक्षिण आफ्रिकेने डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) कोविडसाठी पेटंट सोडा म्हणून मागणी केली, जून २०२२ ला निर्णय आला तो पार पातळ झालेला. तोवर माणसं मेली. अमेरिका-चीनचा १९७९ चा विज्ञान करार बघा, २०२४ च्या डिसेंबरात वाढवला पण फक्त मूलभूत संशोधनापुरता. कामाचं ते प्रत्येकजण आपल्या घरात ठेवतो.

रावेरचा_केळीवाला: मास्तर, सगळंच तसं नाही. बेल्जियममध्ये लूवेनला केळीचे दीड हजारावर वाण नळीत जपलेत, संशोधकांना देतातही.

तापीकाठ: आणि आयटर? फ्रान्समधल्या त्या अनेक देशांच्या फ्युजन भट्टीचा (अणू जोडून ऊर्जा काढायची ती) क्रायोस्टॅट, म्हणजे बाहेरचं थंड ठेवणारं भांडं, आपल्या शेजारच्या हजिऱ्यात बनला. खर्चात आपला वाटा साधारण ९ टक्के, तंत्रज्ञान मात्र सगळं मिळणार.

धुळेकर_मास्तर: १९८५ पासून चाललंय ते, अजून एक बल्ब पेटला नाही.

तापीकाठ: बल्बसाठी नाहीच बांधली ती, प्रयोगाची भट्टी आहे. मास्तर असून असं बोलता?

भरीतवाली_ताई: अहो पण क्यूकॅव्ह-४ जीएम, म्हणजे जनुक बदललेलं आहे ना? आपल्याकडे तसल्याच बीटी वांग्याला २०१० ला ब्रेक लागला तो अजून सुटला नाही. म्हणजे ऑस्ट्रेलियाने उद्या फुकट आणून दिलं तरी लावणार कुठे, ओट्यावर? आधी आपलं घर तर ठरू द्या.

रावेरचा_केळीवाला: ताईंचं हे मात्र पटलं, मी याचा विचारच केला नव्हता. कांदेबाग हंगामाची केळीची रोपं बुक करायचीत, कुठून येतायत ते तरी विचारून घेतो आधी.