लायब्ररी, भांडार की खतावणी? कीकॅडच्या पार्टांसाठी मराठी शब्द सुचवा

धुळेकर:
मंडळी, जरा मदत पाहिजे. आमच्याकडे विहिरीच्या मोटरचे ऑटोस्विच, प्रिव्हेंटर असं काम चालतं, पोरं कीकॅडवर (सर्किट बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर) बोर्ड काढतात. आता असं ठरलं की पार्टांची सगळी माहिती एका जागी सर्व्हरवर ठेवायची, कोणता रिले कोणत्या डब्यात आहे, कोणाकडून घेतला, त्याला कोणता फूटप्रिंट (बोर्डावर पार्ट बसायची आखलेली जागा) लावायचा, म्हणजे प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर वेगळं पुराण नको. त्यासाठी पोरांना मराठीत दोन पानं लिहून ऱ्हायलो तर पहिल्याच ओळीत गाडी अडकली. 'कंपोनंट लायब्ररी होस्ट करणे' याला काय लिहू? मशीनला विचारलं तर त्याने 'घटक ग्रंथालयाचे यजमानपद' दिलं. पोरगं म्हणे, भाऊ, पाहुणे कोण येताय?

जळगावचा मास्तर:
यजमानपद सोडा, पण घटक शब्द वाईट नाही. शाळेच्या पुस्तकात विद्युत परिपथ, घटक हेच असतं आणि पोरं ते शिकूनच आलेली असतात.

भुसावळकर:
मास्तर, शाळेत परिपथ लिहिणारं पोरगं दुकानात आलं की तिसऱ्या दिवशी 'सर्किट' म्हणतं आणि ग्राहक तर आख्ख्या बोर्डालाच 'किट' म्हणतो, 'किट उडालं भो, बदलून द्या'. घटक म्हटलं की आमच्यासारख्याला परीक्षेतला 'घटक क्रमांक दोन' आठवतो. पार्ट लिहा, सरळ. अनेकवचन पार्ट, सामान्यरूप पार्टांचा पार्टांना, मराठीत केव्हाच मुरलेला शब्द आहे. होस्ट करण्याला तर वेगळा शब्दच नको, 'सर्व्हरवर ठेवेल आहे' म्हटलं की काम झालं.

एरंडोलकर:
लायब्ररीला 'भांडार' करा ना. वस्तू भांडार, खादी भांडार, तसं पार्ट भांडार. कानाला बरं लागतं.

सावदेकर:
भांडारला माझा विरोध आहे आणि तो कानासाठी नाही, त्या शब्दाने पोरांची गैरसमजूत होईल म्हणून. जरा सविस्तर लिहितो.

कीकॅडमध्ये लायब्ररी हा एकच शब्द तीन-चार वेगळ्या गोष्टींना चिकटवलाय. एक चिन्हांची, म्हणजे सर्किटच्या नकाशावर रेझिस्टर कसा काढायचा ते. दुसरी फूटप्रिंटची, म्हणजे तांब्यावर पॅड (पाय डाखायची जागा) कुठे, भोक केवढं. तिसरी थ्रीडी मॉडेलची, दिसायला. ह्या तिघींमध्ये खरंच माल असतो, उघडलं की चित्र निघतं, त्यांना भांडार म्हणा, संग्रह म्हणा, काही बिघडत नाही. पण धुळेकर जे ठेवू म्हणताय ते निराळं आहे. आवृत्ती ७ मध्ये, २०२३ ला, डेटाबेस लायब्ररी आली, ती ओडीबीसीवरून (डेटाबेसशी बोलायची एक ठरलेली पद्धत) थेट डेटाबेसला जोडायची. मग आवृत्ती ८ मध्ये, २०२४ ला, एचटीटीपी लायब्ररी आली, आणि इन्व्हेनट्री किंवा पार्ट-डीबी असलं पार्टांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर सर्व्हरवर चालू असेल तर कीकॅड त्याला विचारून पार्ट दाखवतो. आता ह्यात चित्र अजिबात नसतं! सर्व्हर आधी वर्गांची यादी देतो, मग एका वर्गातले पार्ट, मग एका पार्टाचा तपशील, आणि त्या तपशिलात फक्त नाव असतं, की ह्याचं चिन्ह अमुक लायब्ररीतलं तमुक, फूटप्रिंट अमुक. ते चिन्ह तुमच्या कॉम्प्युटरवर नसेल तर पार्ट यादीत दिसेल आणि चित्र मात्र मिळणार नाही. मग पोरगं म्हणणार भांडार तर उघडलं, माल कुठंय?

म्हणून माझं मत 'खतावणी'. दाणा बाजारात माल गोदामात असतो आणि पेढीवर खतावणी असते, एकेका खात्याचं वेगळं पान, कोणाचं काय, कुठे पडलंय ते लिहिलेलं. खतावणीतून कोणी गहू काढायला जात नाही. वर्ग म्हणजे खातं, पार्ट म्हणजे त्यातली नोंद, इतकं नीट बसतं की मला दुसरा शब्दच सुचत नाही.

अमळनेरची वाचक:
खतावणी आवडली दादा. पण आजच्या पोरांना खतावणी माहिती असते का? आमच्याकडे त्यांना टॅली म्हटलेलं कळतं.

सावदेकर:
ताई, ज्याच्या घरी केळीचा किंवा कापसाचा व्यवहार आहे त्याला माहिती आहे. नसेल तर 'नोंदवही' करा, तीही चालेल, फक्त भांडार नको.

जळगावचा मास्तर:
बरं, फूटप्रिंटचं काय? मी 'पाऊलखूण' सुचवणार होतो.

भुसावळकर:
मास्तर, पाऊलखूण म्हणजे कोणीतरी येऊन गेलं आणि मागे खूण उरली. इथे तर पार्ट अजून यायचाय, त्याची जागा आधीच आखून ठेवली आहे. ठसाही त्याच कारणाने पटत नाही. फिटर लोक बेअरिंगची 'बैठक' म्हणतात ती लावा, पार्ट जिथे बसतो ती बैठक.

एरंडोलकर:
बैठक म्हटलं की आमच्याकडे लग्नाची बोलणी 😄 पण चालेल, आमची आजी तर अहिराणीत सरळ विचारेल, 'बठना का?'

धुळेकर:
बैठक घेतली. आता पिन? दुकानात आम्ही 'पाय' म्हणतो, आठ पायाची आयसी, पण लिहिताना बरं दिसतं का?

सावदेकर:
बिनधास्त लिहा, कारण सगळी मारामारी पायांच्या नंबरावरूनच होते. पीएन२२२२ए आणि पी२एन२२२२ए हे दोन ट्रान्झिस्टर घ्या, दोन्ही तीन पायाचे, दोन्ही टीओ-९२ आकाराचे, दिसायला जुळे भाऊ. चपटी बाजू आपल्याकडे करून डावीकडून मोजलं तर पहिल्याचे पाय एमिटर, बेस, कलेक्टर आणि दुसऱ्याचे कलेक्टर, बेस, एमिटर. बैठक दोघांची एकच, चिन्हही दिसायला एकच, फक्त चिन्हावरच्या पायांचे नंबर उलटे पाहिजेत. म्हणून तर कीकॅडमध्ये साध्या एनपीएन (ह्याच जातीच्या ट्रान्झिस्टरच्या) चिन्हांच्या नावातच ईबीसी, सीबीई असा पायांचा क्रम देतात. खतावणीत ह्या दोघांना एकाच नोंदीत घातलं तर पुढची पन्नास कार्डं उलटी भरली जातील आणि दोष ट्रान्झिस्टरला जाईल. तेव्हा पानात एक ओळ ठळक लिहा: चिन्हाच्या पायाचा नंबर आणि बैठकीच्या पॅडचा नंबर जुळला पाहिजे, नाव जुळून उपयोग नाही.

अमळनेरची वाचक:
मी जरा तिरकं विचारते. कीकॅडच्या मूळ संग्रहातली चिन्हं उचलून आपल्या सर्व्हरवर ठेवली तर चालतं का? 'मुक्त' म्हणजे 'फुकट' असं सगळे धरून चालतात म्हणून.

सावदेकर:
चालतं. तो संग्रह क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एसए ४.० परवान्यावर आहे, वर एक सवलत जोडलेली आहे. सवलत अशी की तुम्ही ती चिन्हं वापरून जो बोर्ड काढला तो तुमचा, तो उघडा करायची सक्ती नाही. पण संग्रहच बदलून लोकांना वाटला तर श्रेय द्यायचं आणि त्याच परवान्यावर वाटायचा. म्हणून मी फुकट लिहीत नाही, मुक्तच लिहितो.

धुळेकर:
मग पहिला परिच्छेद असा केलाय, बघा: 'आपल्या पार्टांची खतावणी सर्व्हरवर ठेवलेली आहे. चिन्हं आणि बैठका प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर पाहिजेत, त्या गिटवरून (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळायची सोय) आणायच्या. नवा पार्ट आला तर आधी खतावणीत नोंद, मग बोर्डावर.' शेवटी टोकन राहिलं, सर्व्हर आपल्याला ओळखतो तो गुप्त शब्द. चावी लिहू का?

भुसावळकर:
टोकनच ठेवा, कापूस खरेदी केंद्रामुळे बापालाही माहिती आहे आणि पोरालाही. आणि खतावणी सर्व्हर हाताने लिहिणार असाल तर पोरांना सांगा, सर्व्हरने उत्तरात नंबर पाठवला तरी तो अवतरणात पाहिजे, खरं-खोटंही अवतरणात, कीकॅडला सगळं अक्षरांतच लागतं.

सावदेकर:
आणि ज्या फाइलमध्ये सर्व्हरचा पत्ता असतो त्याच फाइलीत ते टोकनही उघडं लिहिलेलं असतं. ती फाइल बैठकांबरोबर गिटवर चढवू नका, प्रत्येकाचं टोकन वेगळं काढा.